सिंधूच्या पाठीसाठी: धुळे ते एडिंबरा आणि परत

सिंधूला विलायतेला न्यायचं ठरलं ते आमच्या गावच्या ओट्यावर, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता. शेवटी दादा म्हणाला, "इंग्रजी कोणाला येतं आपल्यात? तुलाच. मग तूच जा." मी हो म्हटलं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. तोपर्यंत माझा सगळ्यात लांबचा प्रवास जळगाव ते पुणे होता.

या ब्लॉगवर मी पाटणादेवी, उनपदेव, तोरणमाळ अशा जवळच्या सहलींबद्दल लिहिते. मागे एका वाचक बाईंनी विचारलं, "मुलाला उपचारासाठी परदेशात न्यायचं आहे, तुम्हाला काही अनुभव?" अनुभव आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीचा. त्यातलं कामाला येईल ते घ्यावं.

मी तेव्हा जळगावला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहायची. पिंप्राळा तेव्हा शहराच्या कडेचं गावच होतं. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, धुळ्याकडे आमच्या गावी शेती बघायचा. सिंधू त्याची थोरली. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय पार लुळा पडला, उजव्यात थोडी ताकद राहिली. त्या उजव्या पायाने रेटा देत ती घरभर सरकायची. पण खरी अडचण पाठीची होती. मूल वाढत गेलं तशी पाठ एका बाजूला वाकत गेली, आणि नवव्या वर्षापर्यंत अशी वेळ आली की तिला बसायचं तर दोन्ही तळहात जमिनीला टेकवून, हातांवर भार देऊनच बसावं लागे. जेवायला एक हात उचलला की ती कलंडायची. वहिनी तिला घास भरवायची.

मुंबईत एका शिबिराला स्कॉटलंडचे एक सर्जन आले होते. त्यांनी सिंधूला तपासलं, पाठीचे एक्स-रे फोटो काढले आणि सांगितलं की पाठ अशीच वाकत राहिली तर छातीत श्वासाला जागा उरणार नाही. त्यांच्या इस्पितळात पाठीचा कणा सरळ करून आत धातूची सळई बसवतात. तिथे तिच्यासाठी एक खाट देऊ, म्हणाले. जाण्यायेण्याची सोय आपण करायची. ती सोय दादाने आणि धुळ्याच्या शेठजींनी मिळून केली. शेठजी म्हणजे ज्यांच्या पेढीवर दादाचा कापूस जायचा ते मारवाडी गृहस्थ. दोन्ही घरांची जुनी ओळख.

सर्जन पाठीबद्दल बोलले होते. पण ही बातमी मुंबईहून गावात पोचेपर्यंत तिचे पाय झाले. "पोर चालत येईल आता," असं जो तो म्हणायला लागला. मी सांगायची, अहो, हे पाठीसाठी आहे. लोक मान डोलवायचे आणि जाताना विचारायचे, "मग कधी चालेल?" मला मनातून वाटायचं, पाठ सरळ झाली तर कोण जाणे, पायही उभे राहतील. आशेला काय लागतं.

वहिनीला दिवस गेले होते, म्हणून तिचं जाणं शक्यच नव्हतं. दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो.

गाव ते फाटा बैलगाडी, फाट्यावरून एसटीने धुळे, धुळ्याहून पॅसेंजरने चाळीसगाव आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई, असा आमचा रस्ता. एसटीने थेट मुंबईही गाठता आली असती, पण मालेगावपर्यंतच्या खड्ड्यांत सिंधूची पाठ टिकली नसती. मुलाला आडवं करून न्यायचं असेल तर आजही माझा सल्ला तोच, वेळ गेला तरी चालेल, रेल्वेनेच जा. सोबत दोन उशा न्या. एक मुलासाठी, एक तुमच्या स्वतःच्या कमरेसाठी. हे मला चाळीसगावच्या फलाटावर कळलं. सिंधूला कडेवर घेऊन उभं राहून माझी कंबर अशी भरून आली की मी सामानाच्या पेटीवरच बसून घेतलं.

फाट्यावर वहिनीने सिंधूच्या कपाळावर हात ठेवला. रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ताई, तिले एकली ठेवजो नको." तिला एकटी ठेवू नका. मी हो म्हटलं. पुढे इतके महिने मी हे एकच काम केलं, असं म्हटलं तरी चालेल.

मुंबईत देवीची लस, पासपोर्टची चौकशी, पुन्हा चौकशी. बाहेरचं चलन मिळायचं ते इतकं थोडं की त्यावर कोणी आजारी मूल घेऊन जाऊ शकतं यावर खिडकीतल्या माणसाचाही विश्वास नव्हता. प्रत्येक कचेरीच्या पायऱ्या सिंधूला कडेवर घेऊन चढायच्या. बाकावर तिला टेकवायचं, मग पुन्हा उचलायचं. विमानात बसलो तेव्हा पहिल्यांदा विमानात बसण्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. आता काही तास हिला उचलावं लागणार नाही, एवढंच मनात आलं आणि मी डोळे मिटले. सिंधू मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. ढग दिसले तेव्हा म्हणाली, "आत्या, बठ्ठा कापूस शे!" सगळा कापूसच आहे. मागच्या रांगेतल्या एका गुजराती बाईंना ते समजलं. त्या हसल्या, आणि मग उतरेपर्यंत त्यांनी आणि मी सिंधूला आळीपाळीने मांडीवर घेतलं.

लंडनहून एडिंबरा रेल्वेने. दिवसभराचा प्रवास, सरळ उत्तरेला. डबा उबदार, गाडी वेळेवर, आणि बाहेर दुपारीच अंधारून आलेलं. हिवाळ्यात तिकडे जाणार असाल तर लोकरीच्या कपड्यांच्या आधी मनाची तयारी करा. तीन-चार वाजले की दिवस संपतो, आणि आपल्याकडच्या माणसाला वाटतं की काहीतरी बिघडलंय.

इस्पितळ गावापासून थोडं बाहेर होतं. लांबलचक वॉर्ड, उंच खिडक्या, दोन्ही बाजूंना मुलांच्या खाटा. मला जवळच एका बाईंच्या घरी खोली मिळाली. सकाळी चालत जायचं, संध्याकाळी चालत यायचं. पाऊस नव्हे, बर्फ नव्हे, असं काहीतरी ओलं सतत अंगावर पडायचं. माझ्या चपलांचे हाल बघून घरमालकीण बाईंनी आपले जुने बूट दिले. ते मला मोठे होत. पुढे कागद कोंबून मी ते घालायची.

पहिले काही आठवडे पाठ ताणायची होती. सिंधूच्या डोक्याला एक कडं बसवलं, पायांना वजनं बांधली आणि तिला खाटेवर उताणी ठेवली. हळूहळू वजन वाढवत नेतात, म्हणजे कणा जितका जाईल तितका आधीच सरळ होतो. दुखायचं. ती ओरडत नसे, पण माझं बोट धरून ठेवायची. नर्सना तिचं बोलणं कळत नव्हतं आणि तिला त्यांचं. मधे मी. दिवसभर अहिराणीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून अहिराणीत करून संध्याकाळी मला मराठीसुद्धा सुचेनासं व्हायचं.

खाण्याचं सांगते, कारण ते सगळे विचारतात. उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, उकडलेले वाटाणे. सिंधू तोंड फिरवायची. पण सकाळी ओटची पेज यायची, आणि तिकडचे लोक ती साखर न घालता मीठ घालून खातात. मी ती चाखून बघितली तर थेट आपल्या ज्वारीच्या कण्या! घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर घातली. सिंधूने वाटी संपवली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने ती चटणी मागितली, खाल्ली, आणि मग बराच वेळ पाणी पीत होता. त्या दिवशी ती डोक्याला कडं असतानाही हसली. चटणी, बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, आणि मेतकूट, हे तीन पदार्थ नेले की परदेशी इस्पितळात तग धरता येतो.

नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी सर्जननी मला खोलीत बोलावलं. उंच, शांत माणूस. फोटो उजेडावर धरून त्यांनी सगळं समजावलं. पाठ ताणली गेली होती, आता सळई घालता येईल. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "एक गोष्ट स्पष्ट असू द्या. या शस्त्रक्रियेने ती चालणार नाही. पोलिओने जे नेलं ते परत येत नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि तसं म्हणताना कळलं की माहीत असूनही मी आजवर ते मानलं नव्हतं.

पुढचं जास्त अवघड होतं. कणा सरळ करताना मज्जारज्जूला धक्का बसू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर उजव्या पायातली ताकदही जाईल. ज्या पायाने ती घरभर सरकायची, तो पाय. आणि शस्त्रक्रिया केली नाही तर? "मग काही वर्षं मिळतील," ते म्हणाले. "ती कशी जातील ते तुम्ही आत्ताच बघताय." संमती वडिलांची हवी होती.

मी शेठजींना तार केली की शनिवारी दुपारी दादाला पेढीवर बोलावून ठेवा. त्या काळी समुद्रापलीकडे फोन लावायचा म्हणजे आधी नोंदवायचा आणि मग बसून राहायचं. मी घरमालकीण बाईंच्या जिन्याखाली स्टुलावर बसून राहिले. बाई चहा आणून देत होत्या. शेवटी घंटा वाजली आणि विहिरीतून यावा तसा शेठजींचा आवाज आला. "बहनजी, बोलो! पाटील इथेच आहेत!" दादाला ते पाटीलच म्हणायचे.

दादाला मी सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागत होतं. चालणार नाही हे सांगितलं, उजव्या पायाचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. मग दादा म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"दादा, हे मी कसं ठरवू?"

"इथे बसून मी तरी कसं ठरवू, माय?"

तेवढ्यात फोनवर वहिनी आली. दिवस भरत आलेली बाई बैलगाडीतून आणि एसटीतून धुळ्याला आली होती, हे मला माहीतच नव्हतं. तिने आयुष्यात फोन हातात धरला नव्हता. ती ओरडली नाही, तरी तिचा शब्द न् शब्द मला कळला. "ताई, पोरले इचारं का? पाठ तिनी शे."

पोरीला विचारलं का, पाठ तिची आहे. इतक्या मोठ्या माणसांच्या इतक्या बोलण्यात हे कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंधूच्या खाटेशी बसले. ती छताकडे बघत पडलेली. मी लपवलं काहीच नाही. चालणं नाही, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माले म्हाईत शे." मोठ्यांच्या गप्पा ती कधीपासून ऐकत होती. उजव्या पायाचं सांगितलं तेव्हा मात्र तिने अंगठा हलवून बघितला. मग विचारलं, "पाठ सरळ झाली का हात टेकाना नहीत ना?"

"नाही. हात न टेकता बसशील."

"मंग मी बाळले दोन्ही हातमा ली सकसू का?"

वहिनीच्या पोटातल्या बाळाबद्दल ती विचारत होती. दोन्ही हातांत घेता येईल का. मी म्हटलं, येईल. सर्जन तसं म्हणालेत.

ती म्हणाली, "उद्या सांगसू." आणि दुसऱ्या दिवशी, कण्यांची वाटी संपवल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "करू दे त्यास्ले." करू दे त्यांना.

दादाने तारेने होकार कळवला. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. त्या वाट बघण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकदा सिस्टरने येऊन खांद्यावर हात ठेवला, एवढंच आठवतं. संध्याकाळी मला आत सोडलं. सर्जन खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि मला म्हणाले, "तिला सांगा, उजवा अंगठा हलव."

मी सांगितलं. सिंधू गुंगीत होती. काही झालं नाही. मी पुन्हा सांगितलं, या वेळी तिची आई सांगेल तशा आवाजात. अंगठा हलला. थोडासा, पण हलला. सर्जन नुसती मान हलवून निघून गेले. मी पांघरूण पुन्हा तिच्या पायांवर ओढलं.

त्यानंतरचे महिने लांबले. सिंधूच्या गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचं कवच घातलं आणि तिला आडवं ठेवलं. त्या हिवाळ्यात तिकडे कोळशाच्या खाणीत संप होता आणि घराघरातले दिवे जायचे. घरमालकीण बाई हैराण व्हायच्या, मला मात्र घरी आल्यासारखं वाटायचं. धुळ्याहून तार आली, मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. सिंधूने ती तार सिस्टरला, डॉक्टरांना, झाडूवाल्या बाईला, सगळ्यांना दाखवली. मी थकले होते. आजारी माणसाजवळ बसून येणारा थकवा झोपेने जात नाही. कोणी विचारलं कशा आहात, तर इंग्रजीत "ठीक" म्हणायची, आणि मराठीत विचारणारं कोणी नव्हतं. एडिंबरात काय पाहिलं असं लोक मला विचारतात. किल्ला पाहिला, रोज, वॉर्डाच्या खिडकीतून. वर कधी गेले नाही. तुम्ही जाल तर जाऊन या.

झाडांना पालवी फुटली तेव्हा सिंधूला पहिल्यांदा बसवलं. तिने सवयीने दोन्ही हात खाली टेकवले. नर्सने हळूच एक उचलला, मग दुसरा. सिंधू बसूनच राहिली. हात हवेत कुठे ठेवायचे ते तिला कळेना. मग तिने ते मांडीवर ठेवले, शाळेतल्या फोटोत ठेवतात तसे.

आम्ही परतलो ते भर मे महिन्यात. प्लास्टरचं कवच अजून अंगावरच होतं, ते पुढे मुंबईत काढायचं होतं. खानदेशातला मे आणि अंगावर प्लास्टर, याची कल्पना करा. चाळीसगावच्या पुढे गाडीच्या खिडकीतून आगीच्या झळा यायच्या. आत खाज सुटली की मी विणायची लांब सुई फडक्यात गुंडाळून आत घालायची. (असं करू नये, असं डॉक्टर सांगतात. उन्हाळ्यात प्लास्टर घेऊन प्रवास टाळता आला तर टाळाच.) धुळे स्टेशनवर शेठजींनी गाडी पाठवली होती, म्हणून निदान एसटी वाचली.

गावात अंगणभर माणसं जमली होती. दादाने सिंधूला उचलून ओट्यावर खुर्चीत बसवलं. बायका पुढे आल्या, कोणी बोटं मोडली, कोणी प्लास्टरवर टकटक करून बघितलं. मग शेजारचे म्हातारे आबा काठी टेकत पुढे आले. त्यांचा सिंधूवर फार जीव. ते प्रेमानेच म्हणाले, "चालीसन दखाड ना, बेटा."

चालून दाखव. मी काही बोलणार तोच वहिनी घरातून आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ.

"आबा, पायसाठे नही गयथी ती," वहिनी म्हणाली. "देखा, कशी सरळ बठेल शे."

आणि तिने बाळ सिंधूच्या हातांत दिलं. सिंधूने एक हात मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली, जसं वॉर्डात उशी घेऊन किती दिवस सराव करत होती तसं. बाळाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि रडायला लागलं. ती घाबरली नाही. घट्ट धरून बसली. मग आबा काठी टेकत घरी गेले. हळूहळू बाकीचेही पांगले. काहींच्या चालण्यावरून कळत होतं की ते दुसरंच काही बघायला आले होते.

लांबलेल्या रजेचे कागद मला शाळेच्या कचेरीत द्यायचे होते. दोन दिवसांनी निघाले. पारोळा, एरंडोल करत एसटीने जळगावला पोचले, पिंप्राळ्यातल्या खोलीचं कुलूप उघडलं, धुळीवरच सतरंजी टाकली आणि झोपले. शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी विचारलं, "मग, झाली का मुलगी बरी?"

हाच प्रश्न मला पन्नास वर्षं लोक विचारतायत. बरी झाली म्हणावं तर ती आजही चाकाच्या खुर्चीत आहे. नाही म्हणावं तर ती आज साठीला आलीय, जळगावात राहते, शिवणकामाचा वर्ग चालवते आणि माझ्याशी भांडते. म्हणून माझ्या वाचक बाईंना मी हेच सांगेन: निघण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा, काय बरं होणार आणि काय नाही होणार. आणि ते मुलाला सांगा. गावाला नंतर सांगितलं तरी चालतं.

शाळेतल्या त्या बाईंना मात्र मी तेव्हा गावाहून निघतानाचं सांगितलं. सकाळची वेळ, मी पिशवी घेऊन फाट्याच्या दिशेने चालू लागले होते. अंगण मागे पडलं, विहीर मागे पडली. विलायतेला जाण्याआधी सिंधूचं बोलणं ऐकायला तिच्याजवळ कान न्यावा लागायचा, दोन शब्द झाले की ती धाप घ्यायची. मी बाभळीपाशी वळणार एवढ्यात मागून, ओट्यावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक आली, "आत्याऽऽ! पोचनी का पत्र टाकजो वंऽऽ!"

मी वळून हात हलवला. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला नसता.